सातवं पान

ओडेलिया भेटली ती धुलाईच्या दुकानात,
डॅलसच्या नैऋत्येला, टायरवाल्याशेजारी.
माझे कपडे मशीनमध्ये गरगरत होते
आणि मांडीवर एफ्राइन श्वास ओढत होता,
एकेक, खोल विहिरीतून
बादली वर आणावी तसा.

तिने विचारलं, पंप आहे?
म्हटलं, आहे. भाच्याचा.
दोघांत एक. वार वाटून घेतलेत.
ती हळहळली नाही.
म्हणाली, आमच्याकडे होता तिघांत.

तेवढ्यावर मी बाकावर सरकून
तिला जागा दिली.

अर्ज मी आधी दोनदा केला होता.
एकदा फोनवर अडतीस मिनिटं पियानो ऐकला
आणि जेवणाची सुट्टी संपली;
टॉर्टियाचा पट्टा कुणासाठी थांबत नाही.
दुसऱ्यांदा पत्र आलं, इंग्रजीत.
वाचून दाखवलं एफ्राइननेच,
नऊ वर्षांचं पोर,
स्वतःलाच नाकारल्याचं पत्र,
मध्ये थांबून एका शब्दाचा अर्थ विचारत
जो मलाही येत नव्हता.

ओडेलियाने ते पत्र उजेडाला धरलं,
नोट खोटी आहे का बघतात तसं.
म्हणाली, नाकारलं नाहीये गं. हरवलंय.

आमच्यात आडनावं दोन, आधी बापाचं, मग आईचं.
त्यांच्या कपाटात खण एक.
एका बाईने त्याला केवेदोत टाकलं,
दुसरीने आरिआगात.
कागदावर मला दोन पोरं झाली
आणि दोघांपैकी एकालाही डॉक्टर नाही.

मग ड्रायरच्या आवाजाआड मी ते विचारलं
जे दोन वर्षं जिभेखाली ठेवलं होतं:
आणि माझं नाव लिहिलं तर?

घाबरू नकोस, असं ती म्हणाली नाही.
म्हणाली, मीपण रात्रभर जागी होते.
हा रकाना पोराचा; तो इथे जन्मला.
तुझ्याबद्दल कुठे काय रिकामं सोडता येतं
ते मी वकीलबाईला दोनदा विचारून आलेय.
आणि तिने सातवं पान उलटलं.
तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांखाली,
सहीची रेघ.
इथे सगळ्याजणी अडकतात, ती म्हणाली.
मी दीड वर्ष अडकले होते.

पुढच्याला ठेच, मागचा शहाणा म्हणतात.
कसला शहाणा!
पुढचा तसाच निघून गेला
तर मागच्याच्या अंगठ्यालाही तोच दगड.
कुणीतरी लंगडत का होईना
मागे यावं लागतं,
बोट दाखवायला: हा. हा बघ.

कार्ड आलं पिझ्झाच्या जाहिरातींत मिसळून.
केवेदोत एक अक्षर जास्त होतं.
एफ्राइनने त्याचा वास घेतला,
उशीखाली ठेवलं,
सकाळी विचारलं, हे संपतं का?
म्हटलं, वर्षाने. मग परत सातवं पान.

त्याला आता त्याचा पंप आहे, नावाची चिठ्ठी लावलेला.
जुना भाच्याचा, सातही वार.
भाचा नदीपलीकडे जन्मला.
त्याच्यासाठी ओडेलियाकडेही पान नाही.
तिने तेही सरळ सांगितलं,
आणि एका धर्मादाय दवाखान्याचा पत्ता
डिटर्जंटच्या खोक्यावर लिहून दिला.
खोकं मी कापून ठेवलंय. तो पंप हलका होत चाललाय.

शनिवारी मी त्याच बाकावर बसते.
आज शेजारी वर्नेल आहे,
रात्रपाळीचा गणवेश अजून अंगावर,
लेकीच्या सुजलेल्या गालावर बर्फाचा रुमाल.
तिची भाषा मला अर्धी येते, माझी तिला मुळीच नाही.
पगाराच्या चिठ्ठ्या ती पर्समधून काढते,
ओल्या, घड्या पडलेल्या,
आणि माझ्याकडे बघते, हिला काय कळणार?

मी सातवं पान उलटते. बोट ठेवते.

तिचं मशीन थांबतं.
राहू दे, मी खुणेने सांगते,
तू सही कर.
कपडे मी काढते.